पॅडचा आकडा विचारणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

युरॉलॉजीच्या ओपीडीत तुम्ही माझा केसपेपर भरत होता. वजन विचारावं तितक्या सहज विचारलंत, "काका, दिवसाला पॅड किती लागतात?" दोन वर्षांत कुणी हे विचारलं नव्हतं. मी "पाच" म्हणालो आणि तिथंच डोळे भरून आले.

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, कॅन्सर गेला, पण लघवीवरचा ताबाही गेला. खोकलो, शिंकलो, बसल्या जागेवरून उठलो की कपडे ओले. ओटीपोटाचे व्यायाम वर्षभर केले. आधीच्या एका डॉक्टरांनी "जीव वाचला ना, आता एवढं चालायचंच" म्हणून वाटेला लावलं, आणि मीही ते खरं मानलं. पाणी कमी केलं. काळ्या पँटी शिवून घेतल्या.

कृत्रिम स्फिंक्टर, म्हणजे लघवी रोखून धरणारं शरीरात बसवायचं यंत्र, हा शब्द मी तुमच्याकडून ऐकला. अमेरिकेत १९७२ साली पहिल्यांदा बसवलेला उपाय, आणि माझ्यापर्यंत तो पोचलाच नव्हता! तुम्ही नमुनाच हातात दिलात. मूत्रनलिकेभोवतीचा पट्टा, पोटात राहणारा फुगा, अंडकोशाच्या पिशवीतला पंप. पंप दाबला की पट्ट्यातलं पाणी फुग्यात जातं, लघवीची वाट मोकळी होते. काही मिनिटांत पट्टा आपसूक भरून वाट बंद.

बसवल्यावर सहा आठवडे यंत्र बंदच होतं. एवढं करून पॅड तेवढेच, मी पार खचलो. तुमचा फोन आला, "आतली जखम भरू द्या, काका." डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं त्या दिवशी मला पंप सापडेना, हात कापत होता. पडद्याबाहेरून तुम्ही सांगत राहिलात, "एका हातानं धरून ठेवा, दुसऱ्यानं मऊ भाग दाबा. घाई नाही." तिसऱ्यांदा जमलं.

यंत्र बंद केल्याशिवाय कुणालाही कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालू द्यायचा नाही, हे तुम्ही यंत्राच्या कार्डामागे मराठीत लिहून दिलंत आणि हिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत. ते कार्ड पाकिटात असतं.

परवा भाच्याच्या लग्नात पंगतीत मांडी घालून जेवलो. उठताना सवयीनं हात मागे गेला. लेंगा कोरडा होता, पांढरा होता.

तुमच्या कागदावर पाच लिहिलंय. तिथं आता एक लिहा, तोही लहान, प्रवासापुरता.

तुमचा ऋणी,
ओपीडीतला काका