या वर्षी कळसूबाईला

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही गप्प झालात आणि आईने "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलला, तेव्हापासून मला चैन नाही. कळसूबाईला आपण सगळेच जाणार आहोत. पण वर मी आणि तुमचा नातू चढणार, तुम्ही दोघं पायथ्याच्या बारी गावात थांबायचं. खोली ठरवून पैसेही भरून झालेत.

अँजिओप्लास्टीला अजून वर्ष झालेलं नाही. डॉक्टर चाला म्हणाले ते सपाटीवर. शिखर 1646 मीटरचं, बारीतून तीन तासांचा चढ. शिड्यांवर मागून माणसं येत असतात, मध्येच दम खायला थांबता येत नाही. नऊ वाजले की कातळ तापायला लागतो आणि वर सावलीला झाड नाही. काही झालंच तर उचलून खाली आणावं लागतं. आईच्या गुडघ्यांना तर चढण्यापेक्षा उतरणं जड.

हे सगळं खरं आहे, पण मी ठरवलं ते मागच्या मे महिन्यात. शिडीच्या अलीकडे तुम्ही लेस बांधायला खाली बसलात. मी मागेच उभी होते. लेस सुटलेली नव्हती, बाबा. तुम्ही बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधत होतात आणि बोटं थरथरत होती. मी काहीच बोलले नाही. मग जुलै आला. त्या वेळी तोंड उघडलं असतं तर, हे रोज मनात येतं. म्हातारे झालात असं मी म्हणत नाहीये. पुढच्या तपासणीनंतर डॉक्टर हो म्हणाले तर थंडीत अर्ध्या वाटेपर्यंत मीच घेऊन जाईन.

खोली तळमजल्यावर आहे. कमोड आहे, आईसाठी खाट आणि उंच खुर्ची सांगितली आहे. पाणी उकळून देतील. सकाळी सहाला बिनसाखरेचा चहा, दुपारी नाचणीची भाकरी, पिठलं आणि दही. पुढच्या ओटीवरून थेट शिखर दिसतं. पाखरांची दुर्बीण बरोबर घ्या.

आम्ही पहाटे तीनला निघू. सूर्य उगवताना वर असू, दहाच्या आत खाली. पाणी माणशी तीन लिटर, वरच्या विहिरीच्या भरवशावर राहणार नाही. मला सहाव्या वर्षी तुम्ही खांद्यावर घेऊन वर नेलंत, रुमाल भिजवून डोक्यावर ठेवलात आणि कांदा खिशात. बोट दाखवून समोरच्या गडांची नावं घ्यायला लावलीत: अलंग, मदन, कुलंग. तसंच मी तुमच्या नातवाला करायला लावणार आहे. आई, कळसूची गोष्टही त्याला वाटेतच सांगेन. केर-भांडी करणार नाही अशी अट घालून कामाला राहिलेली ती पोर, तिला भांडी घासायला लावली आणि ती डोंगरावर निघून गेली. तू ही गोष्ट भांडी घासता घासताच सांगायचीस आणि शेवटी माझ्या नाकाला राखेचं बोट लावायचीस. अजून नाक खाजतं मला.

आता नीट ऐका. बाबा, गोळ्या निळ्या डबीत, डबी खिशात, बॅगेत नाही. दुपारी अकरा ते चार ओटी सोडायची नाही. "जरा धरणापर्यंत जाऊन येतो" हे चालणार नाही, भंडारदऱ्याला संध्याकाळी गाडीने जाऊ. आई, तू त्यांच्यावर लक्ष ठेव, आणि त्यांच्यापायी स्वतःचं जेवण लांबवू नकोस. करवंदं आली असतील, द्रोणभर घे, पण मीठ लावून बाबांना देऊ नकोस.

वर पोचलो की सातच्या सुमाराला देवीची ओटी भरायच्या स्टीलच्या ताटलीने उन्हाचा कवडसा खाली पाडू. बाबा, तुम्ही दुर्बीण लावून बसा. दिसला तर पांढरी चादर हलवा, नातू वाट बघेल.

आई, देवीला खण हिरवा घेऊ की मागच्यासारखा लाल? उद्या सकाळपर्यंत कळव, मी दुपारी बाजारात जाणार आहे.

तुमची,
धाकटी