अण्णा, 9000 आरपीएम कशाला ते सांगते

ती. अण्णा,
सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की दोन सीटच्या एवढ्याशा गाडीला 9000 आरपीएम (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला 9000 फेरे) कशाला लागतात, आणि मागून आई ओरडत होती की आधी जेवलीस का ते सांग, त्या गडबडीत उत्तर राहूनच गेलं. जेवले होते. आता 9000 चं सांगते, पण लांबण लागणारे, चष्मा घेऊन बसा.

गाडी होंडाची एस2000, माझी 2001 ची आहे. कंपनीला 50 वर्षं झाली त्या निमित्ताने 1999 मध्ये काढली आणि 2009 ला बंद केली. मी इथे जपानमध्ये राहते त्या उत्सुनोमियाच्या शेजारीच ताकानेझावा म्हणून गाव आहे, सुरुवातीच्या सगळ्या गाड्या तिथेच बनायच्या, 2004 नंतर सुझुकाला. ऑटोमॅटिक कधी निघालीच नाही. सहा गेर, क्लच, बस्स. इथे 1991 पासून फक्त ऑटोमॅटिकचं वेगळं लायसन्स मिळतं त्यामुळे आमच्या ऑफिसातली निम्मी पोरं ही गाडी पार्किंगमधून बाहेर पण काढू शकत नाहीत, कायद्याने!

तर इंजिन 2 लिटरचं, टर्बो (हवा कोंबणारा पंखा) नाही, आणि ताकद 250 पीएस (जवळजवळ हॉर्सपॉवरच). एवढ्याशा इंजिनातून एवढं काढायचं तर एकच रस्ता, ते जोरात फिरवायचं. तुम्ही चालवायचात त्या बसमध्ये लेलँडने हिनोकडून घेतलेलं इंजिन होतं ना (म्हणजे मूळचं इथलंच बरं का), ते खालीच जोर द्यायचं, दोन-अडीच हजाराच्या पुढे नेलं तर नुसता आवाज. हिचं बरोब्बर उलट. ओढायचा जोर (टॉर्क) सगळ्यात जास्त मिळतो 7500 ला आणि ताकद 8300 ला. खाली 2000 ला तुम्ही रेस दिलीत तर ती म्हणते बघू नंतर. साधारण 6000 च्या जवळ आत तेलाच्या दाबाने पिना सरकतात आणि वाल्व उघडणारे रॉकर (छोटे दांडे) एका मोठ्या कॅमला (त्या दांड्यांना ढकलणाऱ्या उंचवट्याला) जोडले जातात, मग वाल्व जास्त उघडतात, जास्त वेळ उघडे राहतात आणि आवाजच बदलतो. ह्यालाच व्हीटेक म्हणतात. इंजिन गार असेल तर ते लागतच नाही, आणि लावूही नये, मी तर पाणी गरम होऊन वर थोडा वेळ जाईपर्यंत 4000 च्या खालीच ठेवते, कारण तेल पाण्यापेक्षा उशिरा तापतं आणि इथे जानेवारीत सकाळी उणे पाच असतं.

पण खरी गंमत पुढे आहे. मी गेरचे रेशो घेऊन हिशोब केला. पहिल्यात 6000 म्हणजे साधारण 48 चा स्पीड. सेकंडला 6000 म्हणजे 73. आणि इथे साध्या रस्त्याला जास्तीत जास्त 60 ची परवानगी! म्हणजे ज्या व्हीटेकसाठी लोक ही गाडी घेतात ते एक्स्प्रेसवेला चढताना रॅम्पवर दोन-चार सेकंद ऐकायला मिळतं आणि संपलं. तरी त्या दोन-चार सेकंदांचा हिशोब सुद्धा भारी केलाय बघा, पहिल्यात 9000 पर्यंत नेऊन सेकंड टाकला की काटा येतो 5900 च्या आसपास, म्हणजे जवळजवळ त्याच दारात. उगाच नाही तो गिअरबॉक्स तसा बनवला. बाकी दिवसभर तुम्ही 2000 ते 4000 मध्येच असता आणि गाडी चालवायला शिकायची ती तिथेच. यूट्यूबवरची पोरं फक्त 9000 दाखवतात, मला तर वाटतं त्यातल्या निम्म्यांना सिग्नलवरून गाडी धड उचलता येत नसेल.

उचलण्यात काय अवघड, तर फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं फिरतं चाक) हलकं आहे. बसचं फ्लायव्हील म्हणजे जातं, एकदा फिरलं की फिरत राहतं, क्लच कसाही सोडा ते ओढून नेतं. हिचे आरपीएम रेस दिली की झटकन वर आणि पाय काढला की झटकन खाली. घाबरून 4000 ला नेऊन क्लच घासत सोडला तर क्लच प्लेटचा वास येतो आणि बिल पण येतं. म्हणून 1500 ते 2000 च्या मध्ये धरायचं, क्लच जिथे पकडतो तिथपर्यंत पटकन यायचं, तिथे क्षणभर पाय थांबवायचा, गाडी हलली की मग उरलेला सोडायचा. त्या क्षणभर थांबण्यातच सगळं आहे. वर गेर टाकताना पण तेच, घाई केली तर आरपीएम अजून वरच असतात आणि गाडी पुढे हिसका मारते, उशीर केला तर ते पार खाली गेलेले असतात आणि गाडी मागे ओढल्यासारखी होते. मधली जागा कानाने सापडते, मीटरकडे बघून नाही.

आणि आता तुमचा विषय. डबल क्लच! तुम्ही खंबाटकीला उतरताना न्यूट्रलला क्लच सोडून एकदा रेस मारायचात आणि मग खालचा गेर टाकायचात, मी तुमच्या शेजारी बॉनेटवर, म्हणजे इंजिनाच्या झाकणावर बसून विचारायचे की उतारावर रेस कशाला. ते आता कळतंय. हिला सिंक्रो (गेरचा वेग आपोआप जुळवणाऱ्या रिंगा) आहेत म्हणून क्लच दोनदा मारावा लागत नाही, गेर पडतो, पण आरपीएम जुळवले नाहीत तर धक्का मागच्या चाकांना बसतो. हिशोब सांगते, 40 च्या स्पीडला तिसऱ्यात इंजिन 2400 ला फिरतं, सेकंडला 3300 ला पाहिजे, मधले 900 क्लच दाबलेला असताना पायाने द्यायचे. आणि वळणाच्या आधी ब्रेक पण चालूच असतो, म्हणून उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि त्याच पायाची बाहेरची कड रेसवर. ब्रेकचा दाब मात्र बदलता कामा नये, नाहीतर रेस मारताना ब्रेक पण दाबला जातो आणि नाक खाली आपटतं. ह्याला मला खूप वेळ लागला, बूट बदलले, पातळ सोलचे घेतले, तेव्हा कुठे जमायला लागलं.

सराव मी निक्कोच्या घाटात करते, इरोहाझाका. दोन रस्ते आहेत, चढायचा वेगळा आणि उतरायचा वेगळा, दोन्ही एकेरी, म्हणजे समोरून एस्टी येणार नाही. चढताना 20 वळणं, उतरताना 28, मिळून 48, आणि जुन्या जपानी बाराखडीची 48 अक्षरं एकेका वळणाला दिलीयेत. वर चुझेंजी तळं आणि 97 मीटरचा केगोन धबधबा. पहाटे जाते, रस्ता मोकळा असतो, जोरात नाही चालवत हं, आईला सांगा. वळणात रेस एकदम सोडायची नाही हे सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन मागची चाकं फिरवतं अशी ही गाडी, रेस सोडली की वजन पुढे जातं, मागचं हलकं होतं आणि ढुंगण बाहेर यायला बघतं, माझ्या मॉडेलला ते सावरणारं इलेक्ट्रॉनिक काही नाही. म्हणून वळणाच्या आधीच सगळं उरकायचं, ब्रेक, गेर, आणि वळणात रेस नुसती धरून ठेवायची, बाहेर पडताना हळूहळू वाढवायची.

परीक्षा तुमचीच घेतलीये, स्टँडिंगमधला माणूस हलता कामा नये. हिच्यात स्टँडिंग नाही म्हणून शेजारी बसणारीची मान बघते. आमच्या ऑफिसातली नागपूरची एक मुलगी आहे, ती आधी प्रत्येक गेरला हो-हो केल्यासारखी मान हलवायची, गेल्या रविवारी मोबाइलवर टाइप करत बसली होती आणि तिला गेर कधी पडला ते कळलं पण नाही. मला एवढं बरं वाटलं ना!

खर्चाचं विचारू नका. पेट्रोल महागातलं, हायओक म्हणतात इथे, तेच लागतं. एक्स्प्रेसवेला सहाव्यात 100 ला सुद्धा इंजिन 3200 ला फिरत असतं, त्यामुळे लांबच्या प्रवासात कान किटतात. आणि तेल सारखं तपासावं लागतं, दर पेट्रोलला काठी काढून बघते, ती सवय तुमचीच.

मे महिन्यात या दोघं, व्हिसाची कागदं मी पाठवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरला नको, लाल पानं बघायला एवढी गर्दी होते की घाटात तासन्‌तास क्लचवर उभं राहावं लागतं. माझ्या शेजारी सीट एकच आहे म्हणून आई माझ्याबरोबर वर येईल आणि तुम्ही निक्को स्टेशनवरून तोबू कंपनीच्या बसने या, ड्रायव्हरच्या मागची सीट धरा, तो त्या वळणांवर गेर कसा टाकतो ते बघून मला सांगा.

आईला नमस्कार, बारक्याला म्हणावं अभ्यास कर.

तुमची,
मनू