फसलेली आज्ञा गप्प राहू नये

संपादक महोदय,

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून दुसरा प्रोग्रॅम चालवणे २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत आलेल्या ‘रन’ या फंक्शनमुळे बरेच सुटसुटीत झाले. मात्र चालवलेली आज्ञा फसली, तरी ‘चेक’ हा पर्याय आपण होऊन दिल्याशिवाय ‘रन’ तक्रार करत नाही, हे मला घातक वाटते. आमच्या रात्रीच्या बॅकअपमध्ये डिस्क भरल्याने फाइली एकत्र बांधणारा ‘टार’ हा प्रोग्रॅम अर्ध्यावर थांबला, त्याने परत केलेला आकडा शून्य नव्हता, म्हणजे काम फसले होते, पण तो आकडा कोणी तपासलाच नाही आणि पुढच्या ओळीने जुनी प्रत पुसून टाकली. चूक झाल्यास थांबणे हेच मूळ वर्तन असावे आणि दुर्लक्ष करायचे असल्यास प्रोग्रॅमरने ते स्पष्ट लिहावे, अशी माझी भाषांच्या रचनाकारांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे