मे महिन्यात मुलं सोलापूरला येतील तेव्हा

पुणे

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

मुलांच्या परीक्षा संपल्या की हुतात्मा एक्स्प्रेसनं मी त्यांना घेऊन येते. बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की दुपारच्या उन्हात पोरांना बाहेर सोडता येणार नाही, मग घरात त्यांना गुंतवायचं कशात? तेव्हा मी घाईत होते, म्हणून आता सविस्तर लिहिते.

त्यांच्याशी शब्दांचे खेळ खेळा. आमच्याशी खेळायचात तसेच. थोरली पुस्तकं भरपूर वाचते, पण बोलताना शब्द अडला की "ते असतं ना, ते" म्हणते आणि पुढचं वाक्य इंग्रजीत संपवते. शब्दार्थांची वही आहे तिच्याकडे. त्यातलं पाठ केलेलं परीक्षेनंतर राहत नाही, कारण ते शब्द कुणाशी बोलायची वेळच येत नाही.

बाबा, रात्री गच्चीवर गावांच्या भेंड्या लावा. अक्कलकोट, टेंभुर्णी, नातेपुते, तुळजापूर. 'ण' आला की 'न' घ्यायचा, 'ळ' आला की 'ल', हा तुमचा नियम त्यांना आधीच सांगून ठेवा. कुणी शेटफळ म्हटलं की लऊळ म्हणून 'ळ' पुन्हा त्याच्याच गळ्यात घालायचा, ही तुमची युक्ती मात्र त्यांची त्यांना सापडू द्या. आणि तुम्ही गाव नुसतं म्हणून सोडत नव्हतात. मंगळवेढा आलं की काळी जमीन, मालदांडी ज्वारी, कणसं, कडब्याच्या पेंढ्या हे सगळं मागून यायचं. खेळ तेवढ्यापुरता थांबायचा, पण आम्हाला ते आवडायचं. तसं थांबा.

नाव-गाव-फळ-फूल खेळताना दोन रकाने वाढवा: अवजार आणि काम. दोघांचा शब्द सारखा आला तर पाच, वेगळा आला तर दहा, हा नियम ठेवाच. दहाच्या आशेनं मूल पहिला सुचलेला शब्द टाकून दुसरा शोधतं, आणि मला तो शोधच हवाय. अवजारांत तुमच्या कापड मिलमधले शब्द येऊ द्या. धोटा, कांडी, फणी. थोरली लगेच विचारील, धोटा म्हणजे काय? तेव्हा समजावत बसू नका, पूर्व भागातल्या तुमच्या मित्रांच्या कारखान्यात तिला घेऊन जा. ताणा कुठला, बाणा कुठला आणि चादरीवर नक्षी कशी उतरते हे तिनं मागासमोर उभं राहून बघावं. तिथे विणकरांची तेलुगूही कानावर पडेल, तीही पडू दे.

आई, तुझ्याकडे तर खाणच आहे. आमच्या घरी मिक्सरमध्ये सगळं "ग्राइंड" होतं. तुझ्याकडे शेंगा कुटतात, खोबरं वाटतात, डाळ भरडतात, ज्वारी दळतात, मिरची ठेचतात. धाकट्याला उखळापाशी बसव आणि तू नुसती हातानं क्रिया कर, त्यानं शब्द सांगायचा. मग उलट, तो करून दाखवील आणि तू ओळख. संध्याकाळी कोडी घाल. "सुपभर लाह्या, त्यात एक रुपया" हे त्याला आभाळाखालीच घाल, म्हणजे उत्तर त्याच्या डोक्यावरच असेल.

तुझी एक सवय मला आता आई झाल्यावर कळली. आम्ही चुकलो तरी तू टोकत नव्हतीस. "पाण्यात बबल येतायत" म्हटलं की तू सहज म्हणायचीस, "हो, आधण आलं, टाक आता तांदूळ." एवढ्यानं शब्द आमचा व्हायचा. मुलांशीही असंच कर. "सांग बरं याचा अर्थ" असं कुणीही विचारायचं नाही, बाबा, तुम्हीसुद्धा नाही. त्या प्रश्नानं खेळाची शाळा होते.

२०१८ साली अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला होता. मुलांच्या कानावर एकूण किती शब्द पडतात यापेक्षा मोठ्यांशी त्यांचं बोलणं किती वेळा आलटून-पालटून होतं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त घट्ट संबंध त्यांना दिसला. वाचलं तेव्हा मला तुमची गच्ची आठवली. तिथे प्रत्येकावर पाळी यायची, पाहुण्यांवरसुद्धा. म्हणून टीव्हीवरचे शिकवणारे कार्यक्रम लावू नका. ते चांगले असतील, पण ते मुलांच्या उत्तरासाठी थांबत नाहीत.

मुद्दाम हरू मात्र नका. मुलांना ते कळतं आणि राग येतो. धाकटा डायनासोरची न ऐकलेली नावं भेंड्यांत आणील, ती चालवून घ्या, त्याच्याकडूनही चार शब्द तुम्हाला मिळतील.

आणि एक मागणं आहे. आई, तुला आजीकडून आलेली कोडी कुठेच लिहिलेली नाहीत. बाबांना रोज दोन सांग. बाबा, जाड रेघांच्या वहीत मोठ्या अक्षरात उतरवा, उत्तर मागच्या पानावर. थोरलीला ती स्वतः वाचून धाकट्याला घालता आली पाहिजेत.

तुमची,
लेक