पाव पायाचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या वडापाववरच्या लेखात 'पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव' असं छापलं आहे. ही लोणकढी थाप व्हॉट्सॲपवर कधीची फिरते आहे. आता वर्तमानपत्रात आल्यावर ती पक्की होणार, म्हणून हा पत्रप्रपंच.

हा शब्द पोर्तुगीज. लॅटिन 'पानिस'पासून त्यांचा 'पांव' झाला, उच्चार नाकातून. गोव्यात तो अनुनासिक अजून ऐकू येतो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, पावाशिवाय त्यांचं चालेना. पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालू लागले आणि भाजणारा 'पादेइरो' गोव्यात 'पोदेर' झाला. हेच लोक जिथे जिथे गेले तिथे शब्दही गेला: बंगालीत पाउरुटी, जपानीत 'पान'. जपान्यांना आपला 'पाय' कुठून ठाऊक असणार?

पीठ पायाने मळण्याची चाल जगात नव्हतीच असं नाही. इजिप्तचे लोक कणीक पायाने मळतात, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे. पण शब्दाचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. मला तर या कथेत जुन्या शिवाशिवीचा वास येतो. मुंबईत गोव्याच्या ख्रिश्चनांना 'माकापाव' म्हणून चिडवत; त्यातलं 'माका' म्हणजे कोकणीतलं 'मला'. पाव खाणारा तो परका, मग त्याचं पीठही पायाखालचं!

'लादीचा चौथा तुकडा म्हणून पाव' असंही काही जण सांगतात. तेही खोटं. गंमत अशी की पावशेरातला, पाव किलोतला 'पाव' मात्र खरोखर पायाचाच. संस्कृत 'पाद' म्हणजे पाय. जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. दुकानात आपण 'पाव किलो फरसाण आणि एक लादी पाव' मागतो, तेव्हा पहिला पाव घरचा आणि दुसरा लिस्बनचा.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा उरलीच तर बटाट्याचंही सांगावं. तो शब्दही पोर्तुगीजांनीच आणला, पण मूळचा कॅरिबियन बेटांवरचा. तिथे बटाटा म्हणजे रताळं.

आपला,
एक वाचक, डोंबिवली