परिपाठ आणि पालकांची सही

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

मुख्याध्यापिकेचा पदभार घेतल्यावर परिपाठातल्या सरस्वतीवंदनेचं काय करायचं, असं विचारलंस. आधी शाळा कोणाच्या पैशावर चालते ते बघ. जिल्हा परिषदेची शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते. तिथे संविधानाच्या कलम २८(१) प्रमाणे धर्मशिक्षण देताच येत नाही, सगळ्या पालकांनी सह्या केल्या तरी नाही. तुझी शाळा संस्थेची, अनुदानित, म्हणून तिला २८(३) लागू. मुलाला धार्मिक उपासनेत बसवायचं तर पालकांची संमती लागते. आणि देवतेची वंदना ही उपासनाच, असं मी धरतो.

शाळा चुकतात त्या इथेच. 'हरकत असल्यास लेखी कळवावे' अशी सूचना लावायची आणि कोणी कळवलं नाही की होकार धरायचा. कलम मात्र संमती 'दिली असेल तरच' म्हणतं. शिवाय मुलावर राग निघेल या भीतीने हरकत घेणारा पालक गप्पच बसतो गं. म्हणून प्रवेशाच्या वेळीच एक कागद भरून घे: होय किंवा नाही, खाली सही. कारण विचारणारी ओळ नको. तो कागद कार्यालयात राहू दे. वर्गात 'कोणाला नको, हात वर करा' असं कुणी म्हणता कामा नये.

नको म्हटलेल्या मुलाला व्हरांड्यात उभं करणं ही तर शिक्षाच. येणारंजाणारं प्रत्येक पोर त्याच्याकडे बघतं. त्यापेक्षा वंदना दुसऱ्या घंटेच्या आधी घे. हजेरी, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका घंटेनंतर. मग कोणालाच उठून जावं लागत नाही आणि उशिराचा शेराही बसत नाही.

राष्ट्रगीताला एखादं मूल धर्मश्रद्धेमुळे आदराने उभं राहिलं पण गायलं नाही, तर त्याला काही बोलू नकोस. केरळात १९८५ साली अशाच तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं; १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं.

पण या भीतीने धर्माचं नावच वर्गातून घालवू नकोस. एखाद्या संताच्या जीवनाचा, शिकवणीचा अभ्यास म्हणजे धर्मशिक्षण नव्हे, हे गुरू नानकांच्या संदर्भात न्यायालयाने १९७१ मध्येच म्हटलंय. रोजा का ठेवतात, वारीला लोक का जातात, बाबासाहेबांनी १९५६ मध्ये बौद्ध धम्म का स्वीकारला, हे सगळं शिकव. फक्त शिकवताना 'आपल्यात' आणि 'त्यांच्यात' हे शब्द शिक्षकांच्या तोंडी येऊ देऊ नकोस. त्या एका शब्दाने समोरचं मूल वर्गाबाहेर जातं.

दसऱ्याच्या पाटीपूजनालाही संमतीचा हाच नियम लाव. कागदाचा मसुदा केलास की पाठव, बघून देतो.

तुझे,
बाबा