विषय: ‘द मूनस्टोन’ ऑडिओबुकमध्ये कोण बोलतंय तेच कळत नाही

नमस्कार कस्टमर केअर,

मागच्या महिन्यात तुमच्या ॲपवर एक क्रेडिट घालवून विल्की कॉलिन्सचं ‘द मूनस्टोन’ घेतलं. आधीच सांगते, पुस्तक मला आवडलं की नाही हे माझंच अजून ठरत नाहीये, त्यामुळे निम्मा कंटाळा लेखकाच्या खात्यावर टाका, त्याचे पैसे मी मागत नाही. 1799 ला श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रज ऑफिसरने ढापलेला हिरा, एवढी भारी सुरुवात, आणि मग तो म्हातारा कारभारी बेटरेज सांगायला बसतो की पाइप ओढ, रॉबिन्सन क्रूसो उघडून त्यात भविष्य बघ, घरकामाच्या बाईला पैसे देण्यापेक्षा तिच्याशी लग्न स्वस्त पडेल म्हणून कसं लग्न केलं ते सांग, हिरा राहिला बाजूला! वैतागून मी स्पीड दीडपट केला. आणि त्याचा भाग संपल्यावर त्याचीच आठवण यायला लागली, आता बोला.

तुमची चूक वेगळीच आहे. 1868 च्या या कादंबरीची गंमतच ही की जो तो आपण पाहिलं तेवढंच सांगतो, एकाचं संपलं की दुसरा. तुमच्याकडे सगळ्यांना एकच आवाज, तोही बँकेची नोटीस वाचल्यासारखा, मध्ये नाव नाही की पॉज नाही. मी पोळ्या लाटत होते, हात पिठाचे, आणि ऐकते तर सोफ्याच्या उश्यांखाली धर्माची पत्रकं खुपसणं चाललंय, मला वाटलं बेटरेजला उतारवयात देव आठवला! बऱ्याच वेळाने कळलं की ही मिस क्लॅक, बेटरेजनंतरची सांगणारी. ही बाई पडद्याआड लपून दुसऱ्यांचं बोलणं ऐकते आणि वर स्वतःला पुण्यवान समजते, तिचा तो ठसका आवाजात नसेल तर राहिलं काय? डॉक्टरचा मदतनीस एझ्रा जेनिंग्ज, त्याची डायरी मला सगळ्यात भिडली, तिथेही तारखा वाचल्यात, नाव गायब.

मागे जाऊन शोधावं तर नुसतं ट्रॅक 1, ट्रॅक 2. चॅटवर विचारलं तर ‘हेडफोन चेक करा’. अहो, हेडफोन काय करणार त्यात?

ट्रॅकला सांगणाऱ्याचं नाव द्या, नाहीतर क्रेडिट परत करा. फक्त ते करताना पुस्तक माझ्या लायब्ररीतून उडवू नका, बेटरेजचा भाग परत ऐकायचाय, या वेळी नॉर्मल स्पीडला.

तुमची एक जुनी ग्राहक